हरकत कोणाची? : शाळांभोवतीच्या वाहनतळ-निर्णयांच्या संहितांचे तौलनिक वाचन

१. प्रास्ताविक

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने नगरपालिकेचा वाहनतळविषयक आदेश वाचावा, ही सूचना प्रथमदर्शनी काहीशी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. साहित्याभ्यासाच्या परिघात दरबारी पत्रव्यवहार, ताम्रपट, शिलालेख, बखरी यांना आपण केव्हाच स्थान दिले आहे. मात्र आपल्याच घरासमोरच्या विजेच्या खांबावर चिकटवलेली सूचना, ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे सांगणारी वर्तमानपत्रातील चौकट, किंवा मुख्यसभेचा ठराव यांच्याकडे आपण ‘संहिता’ म्हणून पाहत नाही. वास्तविक, बोलणे हेच करणे असते अशा उक्तींकडे भाषेच्या तत्त्वज्ञानाने गेल्या शतकाच्या मध्यापासून लक्ष वेधले आहे, आणि आदेश हे अशा उक्तीचे ठळक उदाहरण होय. ‘येथे वाहन उभे करण्यास मनाई आहे’ हे वाक्य वस्तुस्थितीचे वर्णन करत नाही. ते योग्य अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने, योग्य रीतीने प्रसिद्ध झाले की वस्तुस्थिती बदलते.

प्रस्तुत लेखात अशा संहितांच्या एका लहानशा वर्गाचा विचार करावयाचा आहे. निवासी भागातील रस्त्यांवर कोणी, केव्हा, किती वेळ वाहन उभे करावे आणि शाळेच्या दारासमोरचा रस्ता मुलांसाठी सुरक्षित कसा करावा, यासंबंधीचे स्थानिक स्वराज्य संस्थांचे निर्णय हा तो वर्ग होय. उदाहरणे दोन ठिकाणची घेतली आहेत : इंग्लंडमधील, विशेषतः लंडनमधील, स्थानिक परिषदांचे आदेश आणि पुण्यातील निर्णयप्रक्रिया. या संहिता कोणाला उद्देशून लिहिल्या जातात, कोणाचा आवाज त्यांत नोंदवला जातो आणि कोणाचा नाही, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२. शब्दांची पूर्वपीठिका

प्रथम या व्यवहारातील शब्दांकडे पाहू. ‘रहदारी’ हा शब्द फारसीतून आला. मोगल काळात ‘राहदारी’ म्हणजे वाटेवरचा पहारा आणि त्यापोटी मालावर घेतला जाणारा कर. आज मराठीत या शब्दाचा अर्थ केवळ ये-जा असा उरला आहे, पण रस्ता वापरण्याचे मोल द्यावे लागते ही जुनी जाणीव त्याच्या पोटात आहे. ‘हरकत’ या शब्दाचा प्रवास याहून उद्बोधक आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ गती, हालचाल. मराठीत आल्यावर तो गतीच्या आड येणाऱ्या गोष्टीचा, अडथळ्याचा व आक्षेपाचा वाचक झाला. वाहतुकीच्या आदेशावर नागरिक ‘हरकत’ घेतो तेव्हा शब्दाचे हे दोन्ही अर्थ नकळत एकत्र येतात.

‘वाहनतळ’ हा शासनव्यवहारातील शब्द. बोलण्यात आपण सर्रास ‘पार्किंग’ म्हणतो. या दोन शब्दांत अनपेक्षित नाते आहे. इंग्रजीतील ‘पार्क’चा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. पुढे सैन्याच्या तोफा आणि गाडे ज्या जागी एकत्र ठेवले जात त्या जागेसाठी तो वापरला जाऊ लागला आणि तेथून तो मोटारींकडे आला. मराठीतील ‘तळ’ हाही छावणीचाच शब्द. फौजेचा तळ पडतो, ‘तळ ठोकणे’ म्हणजे मुक्कामाला येऊन न हलणे. दोन्ही भाषांनी मोटार उभी करण्याच्या क्रियेसाठी लष्करी मुक्कामाची प्रतिमा स्वीकारावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. सार्वजनिक जागेवर खाजगी वस्तूने तळ ठोकणे, हाच तर या साऱ्या वादाचा गाभा आहे.

३. उभे वाहन आणि लहान मूल

निवासी पार्किंग आणि शाळकरी मुलांची सुरक्षितता हे विषय एकत्र का येतात, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. आपल्याकडील परिचित फलक पुढे शाळा असल्याचे सांगून वाहने सावकाश चालवण्यास बजावतो. या वाक्याचा संबोध्य वाचक चालता वाहनचालक आहे. परंतु शाळेच्या दाराशी धोका निर्माण करण्यात उभ्या वाहनाचाही तितकाच वाटा असतो. दोन उभ्या मोटारींच्या फटीतून मूल रस्त्यावर पाऊल टाकते तेव्हा त्याची उंची मोटारीच्या पुढच्या भागाएवढीच असते. चालकाला ते दिसत नाही आणि त्यालाही चालक दिसत नाही. ब्रिटनच्या अधिकृत वाहतूक-संहितेनुसार ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, वेगाने येणारी मोटार थांबावयास १२ मीटर लागतात. वेग ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, असेल तर हेच अंतर २३ मीटर होते. वेग दीडपट झाल्यावर अंतर जवळपास दुप्पट होते. मूल दिसण्याचा क्षण उभ्या वाहनामुळे जितका लांबतो, तितके मीटर या हिशेबातून वजा होतात.

या समस्येत आणखी एक गुंता आहे. शाळेच्या दाराशी वाहने उभी करणाऱ्यांत स्वतः पालकच मोठ्या संख्येने असतात. आपले मूल सुरक्षित पोहोचावे म्हणून जो पालक दारापर्यंत मोटार नेतो, तोच इतरांच्या मुलांच्या वाटेतील अडसर होतो. ज्याला रक्षण हवे आहे आणि ज्याच्यापासून रक्षण करावयाचे आहे, ते दोघे अनेकदा एकच असतात. या विषयावरील संहितांचा सूर संदिग्ध का असतो, याचे एक कारण येथे सापडते.

४. इंग्लंडमधील आदेश : एका संहितेची रचना

इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदेला रस्त्यावरील पार्किंगचे नियमन करण्याचा अधिकार मुख्यतः १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याने मिळतो आणि त्याची कार्यपद्धती १९९६ च्या नियमांनी ठरवून दिली आहे. या पद्धतीत आदेश एकटा जन्मत नाही. त्याच्याबरोबर संहितांचे एक कुटुंब असते. प्रथम प्रस्तावाची सूचना, तिच्यासोबत नकाशा आणि ‘कारणांचे निवेदन’. त्यानंतर किमान २१ दिवसांची मुदत, ज्यात कोणीही लेखी आणि सकारण आक्षेप घेऊ शकतो. मग आक्षेपांचा विचार आणि शेवटी आदेश. आदेश काढल्यावर, ज्यांचे आक्षेप पूर्णतः मान्य झाले नाहीत त्यांना तसे का झाले हे १४ दिवसांत लेखी कळवावे लागते. आदेश अधिकारकक्षेबाहेरचा आहे किंवा कार्यपद्धती पाळली गेली नाही, या कारणांवरून सहा आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येते.

साहित्याभ्यासकाच्या परिभाषेत सांगायचे तर ही बहुस्वरी संहिता आहे. तिच्यात प्रतिवादी स्वराला जागा आहे आणि त्या स्वराला उत्तर देण्याचे बंधन लेखकावर आहे. याच कायद्यात ‘प्रायोगिक आदेश’ हा एक वेगळा प्रकार आहे. तो जास्तीत जास्त १८ महिने चालतो आणि त्यावरील आक्षेप आदेश लागू झाल्यानंतरच्या सहा महिन्यांत मागवले जातात. म्हणजे वाचकाला कल्पनेवर नव्हे, तर अनुभवावर प्रतिक्रिया देता येते.

या अधिकाराला मर्यादाही आहेत. उत्तर लंडनमधील बार्नेट परिषदेने २०११ मध्ये रहिवाशांच्या वार्षिक परवान्याचे शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंड आणि पाहुण्यांच्या एका कुपनाची किंमत १ पौंडावरून ४ पौंड केली. एका रहिवाशाने न्यायालयात दाद मागितली. जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरवली. वाहतुकीच्या अन्य खर्चासाठी जादा महसूल उभा करणे हा त्या कायद्याचा हेतू नाही, कारण तो कर आकारण्याचा कायदा नव्हे, असा या निर्णयाचा आशय आहे. न्यायालयाने येथे जे केले ते एका अर्थी हेतुनिष्ठ वाचनच होते. संहितेने जो हेतू सांगितला तोच तिचा खरा हेतू आहे काय, हे तपासले गेले.

लोकांचे म्हणणे मागवण्याची रीत कशी असावी, याचे इंग्लंडमधील बहुचर्चित निकष शाळांसंबंधीच्याच एका वादातून पुढे आले, हेही नोंदवण्यासारखे आहे. १९८५ मध्ये लंडनमधील ब्रेंट परिषदेच्या शाळांविषयीच्या प्रस्तावावरून झालेल्या खटल्यात चार गोष्टी मांडल्या गेल्या : प्रस्ताव घडणीच्या अवस्थेत असतानाच मत मागवावे, विचारपूर्वक मत देता येईल इतकी कारणे सांगावीत, पुरेसा अवधी द्यावा आणि आलेल्या मतांचा अंतिम निर्णयापूर्वी प्रामाणिकपणे विचार करावा. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अन्य विषयावरील खटल्यात, या निकषांना मान्यता दिली. उत्तम समीक्षेचे निकष याहून फारसे वेगळे नसावेत.

५. ‘शालेय रस्ता’ : एक नवा प्रकार

या परंपरेतून अलीकडे ‘शालेय रस्ता’ हा प्रकार पुढे आला. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी दारासमोरचा रस्ता मोटारींसाठी बंद ठेवावयाचा, अन्य वेळी तो नेहमीसारखा खुला. या कल्पनेचा आरंभ १९८९ मध्ये इटलीतील बोल्झानो शहरात झाला असे मानले जाते. स्कॉटलंडमध्ये २०१५ मध्ये असे प्रयोग झाले, लंडनमध्ये कॅम्डेन परिषदेने २०१७ मध्ये असा रस्ता केला आणि २०२० नंतर लंडनमधील अशा रस्त्यांची संख्या ५०० च्या पलीकडे गेली. लंडनबाहेरील इंग्लिश परिषदांना चालत्या वाहनांवर अशी कारवाई करण्याचा अधिकार मे २०२२ पासून मागता येऊ लागला. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल ही सर्वसाधारण मर्यादा लागू झाली. तिच्यावर प्रखर विरोधही झाला आणि नंतर काही रस्त्यांवर जुनी मर्यादा परत आणण्याची वाट मोकळी करण्यात आली.

या आदेशांची भाषा पाहिली असता एक गोष्ट जाणवते. त्यांच्यातला काळ हा घड्याळाचा नसून शाळेच्या घंटेचा आहे. ‘सत्र चालू असताना’ ही अट रस्त्याला मुलांच्या दिनक्रमाशी जोडते. रहिवाशाला सवलत मिळते, अपंग व्यक्तीच्या वाहनाला मिळते, रुग्णवाहिकेला मिळते. सवलतींच्या या यादीतून कोणाची गरज कोणत्या क्रमाने मान्य झाली, हे वाचता येते. काव्यात वगळलेल्या शब्दाला जे महत्त्व, तेच येथे अपवादाच्या कलमाला आहे.

६. पुण्यातील वाचन

आपल्याकडे ही संहिता एका लेखकाची नसते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते आणि वाहनतळ हे विषय नगरसंस्थांच्या कार्यकक्षेत दिले आहेत. दुसरीकडे, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने कोठे उभी राहावीत हे राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवतो. त्यामुळे पुण्यासारख्या शहरात धोरण महानगरपालिकेच्या मुख्यसभेत ठरते, पट्टे महापालिका रंगवते आणि ‘नो पार्किंग’चा आदेश वाहतूक शाखेचे पोलीस उपआयुक्त काढतात. शाळेसमोरच्या पन्नास पावलांच्या तुकड्यासाठी तीन हातांची अक्षरे लागतात.

पुण्याच्या रस्त्यांवरील ‘पी-१’ आणि ‘पी-२’ हे फलक या लेखनाचे सर्वांत संक्षिप्त रूप होत. विषम तारखेला एका बाजूला, सम तारखेला दुसऱ्या बाजूला वाहने उभी करावीत, एवढा मोठा आशय एका अक्षरात आणि एका अंकात सामावला आहे. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना आणि रहिवाशांना समान न्याय देणारी ही योजना आहे. मात्र शाळेचे फाटक तारीख पाहून बाजू बदलत नाही, याची त्या अंकगणितात सोय नाही.

या शहराने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये मुख्यसभेपुढे वाहनतळ-धोरण आले. रस्त्यावर वाहन उभे करण्याला मोल लावण्याची ही कल्पना २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाशी सुसंगत होती. सभागृहात आणि सभागृहाबाहेर तिला तीव्र विरोध झाला. अखेर संपूर्ण शहराऐवजी प्रथम पाच रस्त्यांवर प्रयोग करावा, अशा स्वरूपात ते मंजूर झाले आणि पुढे दीर्घकाळ अंमलबजावणीअभावी राहिले. मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकांचा दीर्घ कालखंड सुरू झाला. त्या काळात ठराव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. संवादाच्या घाटात लिहिलेली संहिता स्वगत झाली.

वाहतूक शाखेच्या आदेशांत ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात, ही स्वागतार्ह प्रथा आहे. पण कलम ११७ च्या शब्दांत हरकतीचा उल्लेख नाही आणि आलेल्या हरकतीला सकारण उत्तर देण्याचे बंधनही त्यात नाही. अंतिम आदेशात आक्षेपकाचा स्वर बहुधा ‘प्राप्त हरकतींचा विचार करून’ अशा एका कृदन्तात विरघळून जातो. इंग्लंडमधील पद्धत आदर्श आहे असे येथे सुचवावयाचे नाही. तेथेही संघटित, लिहिता येणारा आणि मोटार असलेला नागरिकच अधिक आक्षेप नोंदवू शकतो. पण उत्तराचे बंधन असणे आणि नसणे, हा दोन वाङ्मयप्रकारांतील भेद आहे.

७. ‘आणि’ या शब्दाचा भार

दोन्ही कायद्यांतील एका साम्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्यातील कलम १२२ पादचाऱ्यांसह सर्व वाहतूक जलद, सोयीस्कर आणि सुरक्षित व्हावी, तसेच वाहने उभी करण्याची पुरेशी सोय असावी, असे एकाच दमात सांगते. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११७ ला परंतुक जोडले. त्यानुसार वाहने उभी करण्याच्या जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षितता आणि वाहतुकीचा अव्याहत ओघ यांना प्राधान्य द्यावयाचे आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ‘आणि’ हे समुच्चयबोधक अव्यय दोन समान पदांना जोडते. पण शाळेच्या दारासमोर सकाळी सुरक्षितता आणि ओघ ही समान पदे नसतात. तेथे एकीसाठी दुसऱ्याला थांबावे लागते. कायद्याने ‘आणि’ लिहून जो निर्णय टाळला, तो स्थानिक आदेशाला ‘किंवा’ लिहून घ्यावा लागतो. नगरसेवकाची वा अधिकाऱ्याची खरी कसोटी या अव्ययाच्या जागी लागते.

८. अनुपस्थित वाचक

बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेतील बारावा अनुच्छेद मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत आपले मत मांडण्याचा हक्क देतो. भारताने १९९२ मध्ये तिला मान्यता दिली आहे. असे असूनही, वर पाहिलेल्या सर्व संहितांत मूल हे विधानाचे कर्म आहे, कर्ता नाही. ‘मुलांच्या सुरक्षिततेसाठी’ हा चतुर्थीचा प्रयोग त्याच्या वाट्याला येतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समितीची तरतूद केली. तिच्यात पालक आहेत, पोलीस आहेत, मोटार वाहन निरीक्षक आहेत. चालत शाळेत जाणाऱ्या मुलाचे मात्र तिच्या मुख्य विषयात, म्हणजे बसमध्ये, स्थान नाही.

येथे एक वैयक्तिक नोंद करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या राहत्या गल्लीत, एका शाळेच्या बाजूने, ‘नो पार्किंग’ प्रस्तावित झाले होते. प्रस्तुत लेखकाने त्याला हरकत घेतली. हरकतीचे ते पत्र दोन पृष्ठांचे होते. त्यात रहिवाशांचा पूर्वापार वहिवाटीचा मुद्दा होता, वृद्ध मातोश्रींना मोटारीपर्यंत चालण्याचा त्रास होता, पर्यायी जागेचा अभाव होता. शेजाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या आणि भाषेचे कौतुकही केले. प्रस्ताव पुढे गेला नाही. या लेखाची तयारी करताना ते पत्र पुन्हा काढून वाचले. दोन पृष्ठांत ‘शाळा’ हा शब्द एकदाच आला आहे, तोही गल्लीची खूण सांगण्यापुरता. त्यातील एकही विधान खोटे नव्हते. मातोश्रींचा त्रास खरा होता. तरीही त्या पत्राला उत्तर देणारे दुसरे पत्र कोणी लिहिले नाही, कारण ज्याने ते लिहायचे त्याला अजून जोडाक्षरे यायची होती.

९. समारोप

शिलाहारकालीन गधेगाळांवर दानाची आज्ञा अक्षरांत असे आणि ती मोडणाऱ्याला शाप चित्रात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आज्ञेचा धाक कळावा, ही दृष्टी त्यामागे असावी. म्हणजे निरक्षर वाचकाचा विचार सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या या सार्वजनिक लेखनाने केला होता. आजच्या रस्त्यावरील चिन्हेही काही प्रमाणात तेच करतात. पण चिन्ह हे निर्णयानंतर येते. निर्णयापूर्वीच्या संहितेत न लिहिणाऱ्याचा स्वर कसा आणावयाचा, हा प्रश्न उरतो.

त्यावरचे उपाय अवघड नाहीत. प्रस्तावासोबत कारणांचे निवेदन मराठीत आणि सुबोध असावे. शाळेलगतच्या आदेशात मुलांचे म्हणणे शिक्षकांमार्फत नोंदवण्याची स्वतंत्र जागा असावी. आदेश प्रथम प्रायोगिक असावा आणि प्रत्येक हरकतीला एका ओळीचे का होईना, कारण देणारे उत्तर मिळावे. हे चारही उपाय मूलतः लेखनाचे उपाय आहेत, आणि म्हणूनच ते आपल्या विद्याशाखेच्या कक्षेबाहेरचे नाहीत. एखाद्या संहितेत कोण बोलत नाही, हे शोधण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावतो. ती सवय ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावरच्या खांबापर्यंत न्यावी, एवढेच या वाचनाचे प्रयोजन आहे. पुढील वेळी खांबावर अशी सूचना दिसली, तर हरकत लिहिण्यापूर्वी सकाळी शाळा भरण्याच्या वेळी त्या जागी दहा मिनिटे उभे राहावे. प्रस्तुत लेखकाने तेव्हा ते केले नव्हते.